घरातला राऊटर : वेग किती, टिकाव किती?



उसाची नोंद, ऊसबिलाचा मेसेज, पीक पाहणी, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार ही सारी कामे आता घरच्या नेटवर चालतात. गावोगावी फायबरच्या जोडण्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग तक्रारही आली : "शंभरचा प्लॅन घेतलाय, पण पडवीत बसलं की वीससुद्धा मिळत नाही." मग कोणीतरी सांगतो, चार अँटेनांचा मोठा राऊटर घ्या. हजारो रुपये जातात आणि पडवीतलं नेट होतं तसंच राहतं. असे पैसे वाया जाऊ नयेत आणि जिथे खर्च करायलाच हवा तिथे तो योग्य वस्तूवर व्हावा, म्हणून राऊटरची तुलना कशी करावी हे आम्ही येथे मांडत आहोत.

आधी आड, मग पोहरा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? राऊटर वेग तयार करीत नाही. बाहेरून आलेला वेग तो घरात वाटतो. म्हणून पहिली तपासणी वायरीवर करावी. लॅपटॉप लॅन केबलने राऊटरला जोडून वेग मोजा. शंभरच्या प्लॅनवर नव्वदच्या पुढे आकडा आला तर लाइन चोख आहे, दोष घरातल्या वाय-फायचा आहे. वायरीवरच वेग पडत असेल तर केबल आणि पोर्ट तपासा. ते ठीक असतील तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. तिथे नवा राऊटर घेऊन उपयोग नाही.

मापाचा घोळही समजून घ्यावा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरताना फोन मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट दिसणार. यात कोणी काटा मारलेला नसतो.

पेटीवरचे आकडे कसे वाचावेत

१) पेटीवर 'एसी १२००' लिहिलेले असते. ही दोन पट्ट्यांची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्टीवर चालतो. शिवाय हे आकडे कागदावरचे, प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी समाधान मानावे.

२) मागचे पोर्ट बघा. स्वस्त राऊटरला पुष्कळदा 'फास्ट इथरनेट' म्हणजे १०० मेगाबिटचेच पोर्ट असते. त्यावर २०० चा प्लॅन घेणे म्हणजे चार इंची पाईपलाईन टाकून शेवटी दोन इंची व्हॉल्व्ह बसवणे. शंभराच्या वरचा प्लॅन असेल तर 'गिगाबिट' पोर्टच पाहिजे.

३) २.४ ची पट्टी लांब जाते, भिंती बऱ्या ओलांडते, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांची गर्दी फार. ५ ची पट्टी वेगवान, पण भिंतीला लवकर हरते. दोन्ही पट्ट्यांचा राऊटर घेणे शहाणपणाचे.

४) वाय-फाय ६ ची प्रमाणित यंत्रे २०१९ पासून आली. एकाच पाळीत अनेक फोनांना सेवा देणे हा त्यांचा मोठा गुण. घरात आठ-दहा उपकरणे असतील तर फरक जाणवतो. वाय-फाय ७ चे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. पण फोन जुना असेल तर राऊटर कितीही नवा असून त्याचा पुरता लाभ मिळत नाही.

५) अँटेना जास्त म्हणून पल्ला जास्त, असे नाही. लहरींच्या जोराला कायद्याची मर्यादा आहे. आणि राऊटरची हाक फोनला ऐकू आली तरी फोनची हाक राऊटरपर्यंत पोचावी लागते.

टिकावाची परीक्षा

वेगापेक्षा टिकाव मोलाचा. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट होता, जानेवारी २०२३ पासून तो २ मेगाबिट आहे. ऊसबिल बघायला शंभर लागत नाही, मध्येच तुटू नये एवढेच लागते.

त्यासाठी 'पिंग' पाहावा, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. एका फोनवरून मोठा व्हिडिओ पाठवायला लावा आणि त्याच वेळी दुसऱ्यावर पिंग मोजा. वीस मिलिसेकंदांचा पिंग कित्येक शेकड्यांवर गेला तर राऊटरमध्ये रांग तुंबते आहे असे समजा. आपल्या यार्डाचेच बघा. गव्हाणीची ताकद तेवढीच आणि यार्डात वाहने घेतच राहिलो, तर ऊस वाळतो. तोडीचे वेळापत्रक आखले की रांग आटोक्यात राहते. राऊटरमधले हे वेळापत्रक म्हणजे 'एसक्यूएम' सोय. लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा लावून ती चालू करावी. नवा राऊटर घेताना ही सोय आहे का, हे आवर्जून विचारा.

नेट तुटत असेल तर राऊटरच्या खाली लिहिलेल्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१) पिंग लावा आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरही लावा. आतला टिकून बाहेरचा तुटला तर दोष बहुधा लाइनचा. आतलाच तुटला तर वाय-फायचा किंवा राऊटरचा. फायबरच्या डबीवर 'लॉस'चा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाही. केबल कुठे तुटली किंवा करकचून वाकली आहे का ते बघा.

जागा आणि वीज

राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटात किंवा फ्रिजच्या मागे नको. दगडी आणि मातीच्या जाड भिंती लहरी खातात. उभा ऊसही खातो, कारण पानांत पाणी असते. गावातल्या घरातून वस्तीवर वाय-फाय नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोकळ्या रानात चाललेली जोडणी ऊस डोक्यावर गेला की अडखळते.

एका पट्टीचा रिपीटर तीच पट्टी घेण्या-देण्याला वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा १०० मीटरच्या आत चांगली लॅन केबल ओढून टोकाला दुसरा राऊटर बसवणे खात्रीचे. वीज गेली की नेट जाते ते मुख्यतः आपल्याच डबीची वीज गेल्यामुळे. राऊटर आणि डबी पुष्कळदा १२ व्होल्टवर चालतात. त्याला जुळणारा छोटा यूपीएस लावला तर भारनियमनातही बऱ्याचदा काम चालू राहते. व्होल्ट आणि पिन मात्र जुळवून घ्या.

तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी वहीत चार जागा लिहा : राऊटरजवळ, माजघर, पडवी, गोठा. प्रत्येक ठिकाणी सकाळी आणि रात्री आठनंतर तीन-तीनदा वेग आणि पिंग मोजून नोंद करा. मग आधी जागा बदला, नंतर केबल ओढा, आणि तरीही भागले नाही तरच राऊटर बदला. दुकानातही ती वही सोबत न्या, म्हणजे कोणता राऊटर हवा हे दुकानदाराला तुम्ही सांगाल.