सड्यावरची चित्रे

चित्र म्हटले की भिंत, कापड किंवा कागद डोळ्यांपुढे येतो आणि पाहणारा त्याच्यासमोर उभा राहतो. पण ज्याच्यासमोर उभेच राहता येत नाही आणि ज्याच्यावर उभे राहिले तर ते दिसेनासे होते, अशा चित्राला काय म्हणावे? कोकणातील कातळशिल्पे ही अशी चित्रे होत.

सुरतेजवळच्या कडोदऱ्यासारख्या ठिकाणी, दक्षिण गुजरातच्या सपाट काळ्या मातीत राहणाऱ्या मराठी माणसाला सडा म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढण चढून गेले की पुष्कळदा शिखर लागत नाही. लागते ते जांभा दगडाचे विस्तीर्ण पठार. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापते, पावसाळ्यात गवताने व रानफुलांनी झाकून जाते. हाच सडा. त्यावर नांगर चालत नाही, म्हणून लोकांच्या बोलण्यात तो पडीक आणि सातबाऱ्यावर पोटखराबा.

या पडीक जमिनीवर कोणी एके काळी हत्ती कोरला. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावरचा हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे; तीनचार जिवंत हत्ती त्याच्या आकृतीत सहज मावतील. त्याच्या बाह्यरेषेच्या आत जमिनीवरच्या व पाण्यातल्या प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृती आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये एक मनुष्य आहे. अन्यत्र गेंडा आहे, पाणघोडाही आहे. हे दोन्ही प्राणी आज कोकणात नाहीत. तेव्हा ज्याने ते कोरले त्याचे कोकण निराळे होते, असे मानावे लागते. यांतील काही चित्रे दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो. उन्हावाऱ्यात तो घट्ट होत जातो. सड्याचा पृष्ठभाग म्हणजे युगानुयुगे भाजून निघालेला दगड. त्यात रेषा खोदणे हे एका बसणीचे काम नव्हे. शिवाय उकिडवे बसून खोदणाऱ्याला हातभर जागेपलीकडचे काही दिसत नाही. तरीही सोंडेचे पायांशी आणि पाठीचे पोटाशी प्रमाण सुटलेले नाही. तो हत्ती दगडावर उतरण्यापूर्वी कोणाच्या तरी मनात पुरा झालेला होता, हे उघड आहे.

निसर्गालाच फलक करण्याची ही कल्पना विसाव्या शतकात अमेरिकेत नवी म्हणून गाजली. रॉबर्ट स्मिथसन या कलावंताने १९७० मध्ये युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळे दगड व माती टाकून सुमारे १,५०० फूट लांबीचा सर्पिल बांध घातला. थोड्याच वर्षांत सरोवराचे पाणी चढले व बांध बुडाला. २००२ च्या सुमारास पाणी ओसरले आणि तो पुन्हा दिसू लागला. स्मिथसनचे नाव आज कलेच्या इतिहासात आहे. कशेळीच्या कलावंताचे नाव कोणी विचारीतही नाही, आणि तसे पाहिले तर त्याचे काही बिघडलेले नाही.

गुराख्यांना व गावकऱ्यांना यांतील काही आकृती पूर्वीपासून ठाऊक होत्या. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घालून, गावोगाव चौकशी करून आणि साचलेली माती झाडून त्यांचा पद्धतशीर शोध घेतला. आज नोंदलेल्या आकृतींची संख्या हजारावर गेली आहे. गोव्यातील कुशावतीकाठची अशीच चित्रे १९९३ मध्ये उजेडात आली होती. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली.

यादीत नाव चढले म्हणून दगड सुरक्षित होतो असे नाही. सड्यावर चिरेखाणी निघतात, कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे घेतले जातात, रस्ते जातात. यांत कोणाची दुष्ट बुद्धी नाही. जमीन खाजगी, मालकाला पोट आहे, आणि पोटखराब्याला भाव आला तर तो का सोडील? २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले आणि गावकऱ्यांचा विरोध पेटला, तेव्हा या चित्रांचे नाव प्रथमच पुष्कळांच्या कानी पडले. चित्राला कुंपण घालावे व बाकीचा सडा वापरावा, असा मध्यममार्ग कोणालाही सुचेल. परंतु येथे सडा हाच चित्राचा कागद आहे. चहूबाजूंनी मोकळे आकाश नसेल तर कशेळीचा हत्ती म्हणजे अंगणातली नक्षी होईल. उक्षी गावच्या लोकांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला, तो मात्र सडा राखून.

ही शिल्पे पाहावयाची असतील तर पावसाळा सरल्यावर, गवत वाळून गेल्यावर जावे; तेही सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. ऊन तिरपे पडले की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि आकृती वर येते. भर दुपारी गेलेला मनुष्य हत्तीवर उभा राहून हत्ती कोठे आहे, असे विचारतो.