अर्ध्या उन्हातली पालेभाजी

‘आमच्या गॅलरीत तीन-चार तासच ऊन येते, तेथे भाजी कशी होणार?’ असे म्हणून अनेक घरांत कुंड्यांमध्ये केवळ शोभेची झाडे लावली जातात. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्यापुरती ही शंका रास्त आहे. फळ धरण्यासाठी झाडाला भरपूर अन्न तयार करावे लागते आणि त्यासाठी रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. सावलीत ही झाडे नुसतीच उंच वाढतात. परंतु ज्यांची पाने खायची, त्यांचे तीन-चार तासांच्या उन्हावर भागते. आणि आपल्या ताटात बहुधा कमी पडतात ती पानेच!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एका कुंडीने तो बरा होणार नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. पालेभाजीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळल्यास ते प्रमाण वाढते, जेवणावर लगेच चहा घेतल्यास घटते. मात्र ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लागणारे कॅरोटीन, फोलिक आम्ल व चोथा यांसाठी ताज्या पानांसारखा स्वस्त पदार्थ नाही.

प्रथम एखाद्या सुट्टीच्या दिवशी कुंडीवर ऊन किती वाजता येते व किती वाजता जाते, ते पाहावे. सकाळचे ऊन सर्वांत चांगले. सूर्य थंडीत दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आत येते व उन्हाळ्यात फारसे येत नाही. म्हणून ही पाहणी दोन्ही ऋतूंत करावी.

अशा जागी पहिली निवड कोथिंबिरीची. कडक उन्हात ती लवकर फुलावर येते व पाने कमी देते, तेव्हा थोडी सावली तिला मानवतेच. धणे हलके रगडून दोन दले वेगळी करावीत, रात्रभर भिजवावेत आणि पसरट कुंडीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. सगळी कुंडी एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरली, तर घरात कोथिंबीर खंडत नाही. मेथी त्याहून सोपी, तीन-चार आठवड्यांत तोडणीस येते. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या जाड काड्या खोचल्या तरी मुळे धरतात. पण तो आक्रमक आहे, त्याला वेगळी कुंडी द्यावी. भज्यांचा पानओवा फांदीवरून लागतो. मायाळूचा वेल गॅलरीच्या गजांवर चढवता येतो.

सावली व ओल दोन्ही आवडणारे पान म्हणजे अळू. त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होते. म्हणून ते चिंच घालून नीट शिजवावे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कॅलेडियम, डिफेनबेकिया ही शोभेची झाडे अळूच्याच कुळातली, पण विषारी आहेत. खाण्याचे अळू त्यांच्या शेजारी लावू नये, आणि लहान मुले असलेल्या घरात ती नसलेलीच बरी. पालक, चुकाही अर्ध्या उन्हात होतात; मात्र ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक, चुका व अळू किती खावे, हे डॉक्टरांना विचारावे.

कुंडी वीतभर खोल पुरते, पण तळाला भोक हवेच. रंगाचे किंवा औषधांचे रिकामे डबे खाण्याच्या भाजीसाठी वापरू नयेत. निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत पुरे. सावलीत माती सावकाश वाळते, हे बरेच जण विसरतात. रोजच्या सवयीने तांब्याभर पाणी ओतले की मुळे कुजतात. बोट पेरभर मातीत घालून पाहावे, ओल लागली तर पाणी देऊ नये. पानांवर मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुवावा. दोन दिवसांनी जे पोटात जायचे, त्यावर कीटकनाशक कशाला?

कुंडीखालच्या बशीत साठलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यास आवडते. अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी बशी रिकामी करून आतून घासून कोरडी करावी. नुसते पाणी ओतून दिल्यास कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.