नान्नज

नान्नज हे महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर तालुक्यातील एक गाव आहे. सोलापूर शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर, सोलापूर–बार्शी मार्गावर ते वसले आहे. माळढोक पक्षी अभयारण्य आणि द्राक्षशेती या दोन गोष्टींसाठी नान्नज ओळखले जाते. पावसाच्या पाण्यावर जगणारे माळरान आणि सिंचनाच्या पाण्यावर उभी राहिलेली बागायत या दोन्ही भूदृश्यांचा शेजार हे गावाचे प्रमुख भौगोलिक वैशिष्ट्य आहे.

भूरचना व मृदा

हा परिसर दख्खनच्या पठाराचा भाग असून समुद्रसपाटीपासून साधारणतः साडेचारशे ते पाचशे मीटर उंचीवर आहे. येथील खडक ज्वालामुखीजन्य काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेकडून बालाघाटच्या रांगा येतात आणि दक्षिणेकडे त्या हळूहळू सपाट होत जातात. त्यामुळे नान्नजच्या आसपास उंच डोंगर आढळत नाहीत. मंद चढउतारांचे माळ, उथळ ओढे आणि मधूनमधून सखल पट्टे दिसतात. परिसरातील पाण्याचा निचरा अखेरीस सीना व भीमा या नद्यांकडे होतो.

मृदेचे स्वरूप उंचीनुसार बदलते. माळाच्या माथ्यावर मातीचा थर पातळ असून त्याखाली लगेच मुरूम लागतो. उतारावर मध्यम जमीन, तर सखल भागात ओल धरून ठेवणारी काळी जमीन आढळते. गवत कोठे वाढावे, ज्वारी कोठे पेरावी आणि बाग कोठे लावावी, हे प्रथमतः या थराच्या जाडीवरून ठरत आले आहे.

हवामान

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येत असल्याने सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. वार्षिक पर्जन्यमान सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास असले, तरी ते वर्षावर्षाला फार बदलते. जून-जुलैतील पाऊस अनेकदा तुटपुंजा असतो आणि सप्टेंबरमधील परतीच्या पावसावर रब्बी हंगामाची भिस्त असते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. १९७२ च्या दुष्काळाची झळ या जिल्ह्याला तीव्रतेने बसली होती.

लोकसंख्या व समाजजीवन

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ असून घनता दर चौरस किलोमीटरला २९० इतकी आहे. जिल्ह्यातील सुमारे दोन-तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. नान्नजची वस्ती मूळ गावठाण आणि शेतशिवारातील विखुरलेल्या वस्त्या अशी दोन प्रकारची आहे. विहिरी, विंधनविहिरी आणि वीज आल्यानंतर शेतातच घर बांधून राहण्याची प्रथा जिल्ह्यात सर्वत्र वाढली.

शेती, शेतमजुरी, दुग्धव्यवसाय आणि शेळी-मेंढीपालन ही उपजीविकेची मुख्य साधने आहेत. सोलापूर शहर जवळ असल्याने शिक्षण, बाजार व रोजगार यांसाठी तेथे दैनंदिन ये-जा चालते. दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन माळामाळाने फिरणारे मेंढपाळ हाही येथील समाजजीवनाचा एक घटक आहे. व्यवहाराची भाषा मराठी आहे.

शेती

रब्बी ज्वारी हे या भागाचे पारंपरिक पीक होय. जिल्ह्यातीलच मोहोळ येथील संशोधन केंद्राशी जोडलेला ‘मालदांडी’ हा वाण जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतो. त्याच्यापासून धान्याबरोबर जनावरांसाठी कडबाही मिळतो. तूर, हरभरा आणि करडई ही पिकेही घेतली जातात.

नान्नजला दूरवर नाव मिळाले ते द्राक्षांमुळे. येथील शेतकरी नानासाहेब काळे यांनी ‘थॉमसन सीडलेस’ या जातीतून निवड पद्धतीने लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात विकसित केली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव तयार झाले आहे. ‘किशमिश चोर्नी’ या काळ्या जातीतून निवडलेली ‘शरद सीडलेस’ ही जातही त्यांच्याच नावावर आहे. कोरडी हवा द्राक्षाला मानवते, कारण दमटपणात बळावणारे बुरशीजन्य रोग अशा हवेत कमी होतात. मात्र वेलीला एप्रिलमधील खरड छाटणीपासून फळ उतरेपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यातही, पाणी लागते. ठिबक सिंचन आणि शेततळी यांचे महत्त्व त्यामुळेच वाढले. तरीही पाण्याचा मूळ आधार भूजल हाच राहिला आहे.

माळरान व वन्यजीव

पातळ मातीच्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते आणि बोर, हिवर यांसारखी काटेरी झाडेझुडपे उगवतात. काळवीट, लांडगा, खोकड तसेच अनेक प्रकारचे शिकारी पक्षी येथे आढळतात. महसुली भाषेत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हटले जात असल्याने माळ म्हणजे ओसाड जागा, असा समज रूढ झाला. वास्तविक ते स्वतंत्र परिसंस्था असलेले गवताळ प्रदेश आहेत. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली येथील काही जमिनींना संरक्षण मिळाले आणि तेथे गवत पुन्हा वाढले. याच सुमारास सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकाच्या अस्तित्वाकडे लक्ष वेधले.

माळढोक हा सुमारे एक मीटर उंचीचा, उडू शकणाऱ्या जड पक्ष्यांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. समोरचे दिसण्याची त्याची क्षमता मर्यादित असल्याने विजेच्या तारांना धडकूनही तो दगावतो.

अभयारण्य व लोकजीवन

१९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, हे पाहता या व्याप्तीची कल्पना येते. त्यात गावे, रस्ते आणि खासगी शेतजमिनीही समाविष्ट झाल्या. जमिनीचे व्यवहार, बांधकाम आणि विकासकामे यांवर निर्बंध आल्याने ग्रामस्थांत नाराजी निर्माण झाली. पुढे फेररचना होऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. नान्नजप्रमाणेच मार्डी, अकोलेकाटी आणि कारंबा ही गावेही या अधिवासाशी संबंधित आहेत.

अलीकडच्या वर्षांत नान्नज परिसरात माळढोकाचे दर्शन एखाद-दुसऱ्या पक्ष्यापुरते उरले आहे. भारतात शिल्लक असलेले बहुतांश माळढोक राजस्थानात, मुख्यतः जैसलमेर जिल्ह्यात आहेत. अधिवासाचे तुकडे होणे, गवताळ जमिनीवर केलेली वृक्षलागवड, बागायतीचा विस्तार, वीजवाहिन्या आणि भटकी कुत्री ही या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात. गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावल्याने वनाच्छादन वाढले. परंतु मोकळ्या जागेत वावरणाऱ्या या पक्ष्याला ते प्रतिकूल ठरले.

माळढोक विरळ झाला तरी येथील माळांचे महत्त्व संपलेले नाही. काळवीट व लांडगा यांचा अधिवास आणि पशुधनाची चराई आजही त्यांवर अवलंबून आहे. गवताचे आच्छादन मातीची धूप रोखते आणि पावसाचे पाणी मुरण्यास मदत करते. ज्या भूजलावर येथील द्राक्षबागा उभ्या आहेत, त्याच्या पुनर्भरणाशी त्यामुळे माळाचाही संबंध पोहोचतो.