‘मंजूर’ म्हणण्यापूर्वी

नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हा काही कोणी हौसेने वाचावयाचा कागद नव्हे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या ओळीने तिचा आरंभ व्हावा आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या ओळीने तिचा शेवट व्हावा, असा प्रघातच आहे. मधल्या भागात एखाद्या पाखाडीच्या मोडलेल्या पायऱ्या असतात, कोठल्या तरी आळीचे गटार असते, दिवाबत्तीच्या ठेक्याला मुदतवाढ असते, टँकरचे दर असतात, स्मशानभूमीकडील लाकडाचा पुरवठा असतो, निवृत्त झालेल्या एखाद्या सफाई कामगाराची थकलेली देणी असतात. सभेच्या दिवशी एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदक होतो, ‘सर्वानुमते मंजूर’ असे शब्द इतिवृत्तात उमटतात आणि सभा विषय क्रमांक चारवरून विषय क्रमांक पाचवर जाते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात या सगळ्याला चार ओळी मिळतात. त्याही सभेत कोणी कोणावर कागद भिरकावले असतील तर. या दोषात आम्हीही वाटेकरी आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

तथापि रत्नागिरीकरांच्या नित्याच्या जीवनाचा हिशेब पाहू गेल्यास तो याच कंटाळवाण्या कागदात सापडतो. दिल्लीत काय ठरले आणि मुंबईत कोण कोणाबरोबर गेले, यावर गोखले नाक्यावर तास तास वाद झडतात. परंतु सकाळी नळाला पाणी येणार की नाही, आले तर किती वेळ, आणि दाराशी साठलेला कचरा उचलला जाणार की नाही, याचा निर्णय दिल्लीत वा मुंबईत होत नसतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांसाठी अठरा विषय नोंदलेले आहेत. त्यांत पाणीपुरवठा व रस्ते तर आहेतच. पण जन्म-मृत्यूची नोंद, अग्निशमन, दिवाबत्ती, कोंडवाडे आणि दहनभूमी हेही आहेत. मनुष्य जगात आल्याची नोंद आणि तो गेल्यावर लागणारी जागा, या दोन्हींची व्यवस्था ज्या कचेरीकडे आहे, तिच्या कारभाराविषयी आपण इतके उदासीन असावे, हे नवल होय.

हे सारे आज लिहावयास विशेष कारण आहे. रत्नागिरीची नगरपालिका १८७६ साली स्थापन झाली. २०२६ साली तिला दीडशे वर्षे होतात. अशा या जुन्या संस्थेत डिसेंबर २०२१ नंतर सुमारे चार वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवून दिली आहे, आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असेही बजावून ठेवले आहे. असे असता आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा घोळ आणि न्यायालयातील तारखा यांत राज्यभरातील नगरसंस्था अडकून पडल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. नगर परिषदांसाठी २ डिसेंबरला मतदान व २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, आणि रिकाम्या खुर्च्या पुन्हा भरल्या.

मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता. आम्ही प्रशासकांस दोष देत नाही. रस्ते झाडले गेले, दिवे लागले, पगार झाले. कित्येकांच्या मते तर कामे अधिक वेगाने झाली. होय, झाली असतील. परंतु अनेक गावी मुख्याधिकारी हेच प्रशासकही होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारी लेखणी आणि मंजुरीची सही करणारी लेखणी एकच होती. या व्यवस्थेत खर्च होतो, ठराव होतो, पण ‘हे का?’ असे विचारणारा कोणी समोर बसलेला नसतो. चार वर्षे गावाला ही सवय लागली. नव्या सभागृहापुढे खरा धोका हाच आहे, की खुर्च्या भरलेल्या असूनही तीच सवय पुढे चालू राहावी.

आम्ही पूर्वाश्रमीचे शिक्षक. धडा संपवून ‘समजले का?’ असे विचारले आणि सबंध वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणाला, की तोच धडा आम्ही पुन्हा शिकवावयास घेत असू. एखाददुसरा मुलगा अडखळत का होईना शंका विचारी, तेव्हा वर्ग जागा आहे अशी आमची खात्री पटे. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द ओळीने वीस विषयांपुढे वाचावयास मिळाले म्हणजे आम्हांस त्या वर्गाची आठवण होते.

शंका विचारणाऱ्या सदस्याचा एक जुना दाखला महाराष्ट्रासमोर आहे. रत्नागिरीची नगरपालिका ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच १८७६ साली जोतीराव फुले यांची पुणे नगरपालिकेवर सदस्य म्हणून नेमणूक झाली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चावेत, असा विषय सभेपुढे आला. असले विषय त्या काळी एका श्वासात संमत होत. विरोध करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. फुल्यांनी ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी असे म्हटले व एकट्याने विरुद्ध मत दिले. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण आज आपण त्या सभेची आठवण काढतो ती एका विरुद्ध मतामुळे. ज्या सदस्यांनी होकार दिला त्यांची नावे कोणाच्या स्मरणात आहेत?

आता आपल्या गावाकडे वळू. कोणत्याही नगर परिषदेच्या इतिवृत्तात ‘कार्योत्तर मंजुरी’ हा शब्द वारंवार भेटतो. काम आधी झाले, खर्चही होऊन गेला, आता सभेने त्यास संमती द्यावी, असा त्याचा अर्थ. हा प्रकार मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. भर एप्रिलात पंप जळाला तर सात दिवसांची नोटीस काढून सभा बोलावीपर्यंत लोकांना तहानलेले ठेवता येत नाही, आणि अशा प्रसंगासाठी १९६५च्या नगर परिषद अधिनियमाने अध्यक्षांना तातडीचे अधिकारही दिले आहेत. प्रश्न निराळा आहे. जी अडचण दरवर्षी त्याच महिन्यात उद्भवते, तिला तातडीची अडचण म्हणावे काय?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही अलीकडच्या उन्हाळ्यांत शहराला एक दिवसाआड पाण्यावर दिवस काढावे लागले आहेत. जांभ्याचा सडा पाणी धरून ठेवीत नाही. आषाढात पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. राहते ते धरणांत साठवलेले. शहराची भिस्त शीळ आणि पानवल या दोन धरणांवर व काही अंशी नाचण्याच्या तलावावर. पानवलचे पाणी उताराने आपोआप येते. त्याला वीज लागत नाही. शीळचे पाणी मात्र पंपाने उचलून साळवी स्टॉपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवावे लागते. हा फरक नागरिकांनी मनात पक्का धरावा अशी आमची विनंती आहे, कारण विषयपत्रिकेतील निम्मे गूढ त्याने उकलते. शीळकडून येणारा प्रत्येक थेंब विजेचे बिल घेऊन येतो. मुरुगवाड्यात वा राजिवड्यात जुनी जलवाहिनी फुटून पाणी रस्त्यावर वाहिले, म्हणजे पाण्याबरोबर ते चढवण्याचा खर्चही रस्त्यावर वाहिला. मग पंपदुरुस्ती, वीजबिल, गळतीदुरुस्ती आणि टँकर हे चार विषय पत्रिकेत चार निरनिराळ्या क्रमांकांवर येत असले, तरी ते एकाच दुखण्याची चार लक्षणे आहेत असे ध्यानात येते. चारही विषय वेगवेगळे मंजूर करणाऱ्या सभागृहाला दुखणे दिसतच नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरातच, धरणांत किती साठा आहे आणि तो केव्हापर्यंत पुरेल, याचा आकडा हाती असतो. टँकरच्या निविदेची चर्चा त्या वेळी व्हावयास हवी. मे महिन्यात आयत्या वेळी ती आणू नये.

कचऱ्याची कथाही अशीच. साळवी स्टॉपच्या परिसरात, जेथे शहराचे पाणी शुद्ध होते, तेथेच शहराचा कचराही वर्षानुवर्षे साठत आला. पर्याय म्हणून पुढे आलेल्या दांडेआडोमच्या प्रकल्पाला तेथील ग्रामस्थांनी विरोध केला, आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. ग्रामस्थांची भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. शहराने आपली घाण आपल्या अंगणात पुरावी, हे त्यांचे म्हणणे कोणाही शहाण्या माणसाने ऐकून घेण्याजोगे आहे. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६च्या नियमांनी सांगितले. ते काम नीट झाले असते तर वाहून नेण्याजोगा कचरा किती उरला असता, याचा हिशेब कचरावाहतुकीचा ठेका वाढवून देताना कोणी तरी मागितला पाहिजे. ठेक्याला तीन महिन्यांची मुदतवाढ देणे ही अडचण असू शकते. पण एकदा दिलेली मुदतवाढ पुन्हा वाढवून देणे याला धोरण म्हणता येत नाही.

पैशांचाही विचार करावा. नगर परिषदांची जकात बंद होऊन दोन तपे उलटली. घरपट्टी व पाणीपट्टी सोडल्यास मोठ्या रकमा वरून येतात आणि बहुधा बांधून येतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. सभागृहाला स्वतःच्या विवेकाने खर्च करता येईल असा पैसा मुळातच थोडा. यास्तव तो कोठे जातो हे पाहण्यात हयगय होता कामा नये, असे आमचे मत आहे.

नगरसेवकांची बाजूही सांगितली पाहिजे. सभेपूर्वी काही दिवस हाती पडलेल्या जाड बाडातून प्रत्येक विषयाचे मर्म शोधणे हे जुन्या जाणत्यालाही जड जाते. नवख्याची तर गोष्टच सोडा. पत्रिकेत ‘अमुक कामाच्या खर्चास मंजुरी देणे’ एवढीच ओळ असेल आणि रक्कम, मागील दर, कामाची मुदत यांचा पत्ता नसेल, तर सदस्याने हात वर करण्यापलीकडे करावे तरी काय? यासाठी कायदा बदलावा लागत नाही. प्रत्येक विषयाखाली चार ओळींचे टिपण द्यावे: रक्कम किती, पैसा कोणत्या शीर्षाखालचा, याच कामावर मागील तीन वर्षांत काय खर्च झाला. आयत्या वेळच्या विषयात पैशाचा विषय घेऊ नये. घेतलाच तर तातडीचे कारण इतिवृत्तात लिहावे. कार्योत्तर मंजुरी मागणाऱ्याने काम कोणत्या दिवशी झाले ती तारीख सांगावी. थेट नगराध्यक्षांची पद्धत २०१६ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. एवढ्या उलथापालथीत विषयपत्रिका लिहिण्याची रीत मात्र जशीच्या तशी राहिली. चार ओळींचे टिपण मुख्याधिकाऱ्यांना व नगराध्यक्षांना उद्यापासून जोडता येईल.

आणि नागरिकांचे काय? सर्वसाधारण सभेची सात पूर्ण दिवसांची नोटीस, सभेपुढील कामकाजासह, नगर परिषदेच्या कचेरीत लावली पाहिजे असे कायदा सांगतो. सभागृहाने खास कारणाने गुप्त बैठकीचा निर्णय घेतला नाही तर सभा जनतेस खुली असते, असेही सांगतो. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला ही कलमे दोन गुणांसाठी पाठ केली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने तर कोणी मागण्याची वाट न पाहता बरीचशी माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सार्वजनिक संस्थांवर टाकले आहे. आज मांडवीपासून साळवी स्टॉपपर्यंत घरोघरी हातात फोन आहे. रकमांसह विषयपत्रिका सात दिवस आधी त्यावर पोहोचविणे फारसे अवघड नाही. राम आळीतील दुकानदार, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयाचे विद्यार्थी, घरी पाण्याची वेळ सांभाळणाऱ्या गृहिणी, यांपैकी पाच-दहा जण जरी प्रत्येक सभेला मागच्या खुर्च्यांवर येऊन मुकाट्याने बसले, तरी पुढच्या खुर्च्यांवरील चर्चेची लांबी वाढेल असा आमचा अदमास आहे.

आमच्याकडून होण्यासारखे एक काम आहे, ते आम्ही पत्करतो. पुढील सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हाती येताच ती आम्ही संपूर्ण, रकमांसह, याच पानावर छापू. ज्या विषयापुढे रक्कम दिलेली नसेल तेथे जागा कोरी सोडू. सभा झाल्यावर कोणत्या विषयावर किती सदस्य बोलले आणि कोणी विरुद्ध मत नोंदविले, तेही देऊ; त्या दिवशी सभेत भांडण झाले तरी आणि न झाले तरी.