खलनायकाची पूर्वकथा: लालबागची आणि राजधानीची

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरी-त्रयीत राष्ट्राध्यक्ष स्नो भेटतो तो मुरलेला हुकूमशहा म्हणूनच. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून दोन मुलं उचलायची, त्यांना एकमेकांच्या जिवावर सोडायचं आणि तो खेळ साऱ्या देशाला बघायला लावायचा, ही त्याची राज्य करण्याची रीत. २०२० मध्ये कॉलिन्स यांनी ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ लिहिली आणि कथा ६४ वर्षं मागे नेली. इथला स्नो १८ वर्षांचा आहे. युद्धात घराण्याची दौलत बुडालीय. घरात कोबीच्या सारावर दिवस निघतात, बाहेर मात्र थाट सांभाळायचा. बापाच्या जुन्या सदऱ्याला बटणं नाहीत, म्हणून चुलतबहीण मोलकरणीच्या न्हाणीघरातले फरशीचे तुकडे काढून ती बनवते. वाचताना जीव हळहळतो. पुढे हाच मुलगा जिवलग मित्राचं बोलणं गुपचूप टिपून वरिष्ठांकडे पाठवतो. मित्र फासावर जातो आणि याची बढती होते. त्याला क्रूर केलं ते नुसत्या गरिबीने नव्हे. गरिबी उघडी पडेल ही धास्ती आणि वरची जागा आपल्याच बापजाद्यांची ही खात्री, या दोन्हींतून तो घडला.

आपल्या मुंबईनेही खलनायकाची पूर्वकथा पाहिली आहे. ‘शूटआउट अॅट लोखंडवाला’ (२००७) १९९१ च्या चकमकीवर होता. २०१३ मध्ये त्याच्या मागची गोष्ट सांगणारा ‘शूटआउट अॅट वडाला’ आला. दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला गुंड मन्या सुर्वे त्याचा नायक. गोळ्यांनी चाळण झालेला मन्या पोलिसांच्या गाडीत पडल्या पडल्या अधिकाऱ्याला स्वतःची कहाणी सांगतो, आणि इथेच गोम आहे. आरोपी स्वतःच स्वतःचा वकील झाला. हुशार विद्यार्थी, भावापायी लागलेली जन्मठेप, तुरुंगातला छळ आणि मग पिस्तूल, असा सरळ हिशेब तो मांडतो. एक अन्याय झाला की एक गुंड तयार!

या हिशेबाला गिरणगावात एक जोडकलमही मिळालं: गिरणी कामगारांच्या संपाने पोरं टोळ्यांत गेली. त्यात तथ्य आहे, पण तारखा पाहा. मन्या वडाळ्याला मारला गेला ११ जानेवारी १९८२ रोजी. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारीला. म्हणजे ‘भाई’ नावाचं आकर्षण संपाआधीच नाक्यानाक्यावर उभं होतं. संपाने त्याला रिकाम्या हातांचा पुरवठा केला.

हे सगळ्यांत नेमकं पकडलं जयंत पवारांनी, ‘अधांतर’ या नाटकात. लालबाग-परळच्या चाळीतली एकच खोली, तीच आई, तेच ताट. एक भाऊ लेखक व्हायची स्वप्नं बघतो, दुसरा क्रिकेटमध्ये बुडालेला, तिसरा नरू टोळीत जातो. तिघांच्या वाट्याला परिस्थिती एकच, म्हणून नरूला ‘परिस्थितीने बिघडवलं’ म्हणून सोडून देता येत नाही. आणि तिघांपैकी एकाचीही गाडी रुळावर येत नाही, म्हणून सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावरही फोडता येत नाही. महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये याच नाटकावरून ‘लालबाग परळ’ केला.

त्या चित्रपटात गिरणीमालकही आहे, पण येतो तो तयार होऊनच. तो असा का झाला, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही. कॉलिन्स यांनी राजधानीतल्या, राज्य करणाऱ्या वर्गातल्या मुलाची पूर्वकथा लिहिली. आपण मात्र पूर्वकथा लिहिली ती चाळीतल्या पोराची. गिरणगावची राखरांगोळी काही नरूच्या सुऱ्याने झाली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन भागांत वाटणी ठरवली होती: मोकळ्या जागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि उरलेला भाग मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती केली, आणि शहराचा व घरांचा वाटा पार आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. सारं कायदेशीर, रक्ताचा थेंब न सांडता.

नरूची पूर्वकथा आपल्याला तोंडपाठ आहे, कारण त्याचा गुन्हा डोळ्यांना दिसतो. फायलीवर शेरा मारणारा, टॉवरचा नकाशा पुढे सरकवणारा माणूस कोणत्या घरात वाढला, त्याने आपलं काय झाकायचं ठरवलं आणि पहिल्यांदा कुणाला विकलं, हे मराठी रंगभूमीने अजून विचारायचं आहे. एखाद्या भाईवर आणखी एक सिनेमा काढण्यापेक्षा या माणसाचं अठरावं वर्ष कुणीतरी लिहायला घ्यावं.