वखारीतले तुकडे, भरवशाची पकड

प्रस्तरारोहणाच्या सरावासाठी भिंत उभी करायची ठरते, प्लायवुड आणि चौकटीचा हिशेब जमतो आणि गाडी होल्डपाशी अडते. होल्ड म्हणजे हातांनी धरण्यासाठी आणि पाय टेकण्यासाठी भिंतीवर बसवलेले तुकडे. चढाईत वैविध्य हवे तर ते डझनावारी लागतात, आणि बाजारातले रेझिन किंवा पॉलियुरेथेनचे होल्ड इतक्या संख्येने घेणे छोट्या क्लबाच्या आवाक्याबाहेरचे असते. पण तेवढ्यासाठी बेत सोडून देण्याचे कारण नाही. होल्डचा कस त्याच्या कडेच्या गोलाईवर आणि भिंतीशी असलेल्या जोडणीवर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी वखारीतल्या उरलेल्या लाकडातून उत्तम साधतात.

या खेळाचा इतिहासच याला साक्ष आहे. १९६४ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी एका मार्गिकेच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. साच्यात ओतलेले, बोल्टने लावता-काढता येणारे होल्ड पुढे १९८० च्या दशकात आले. ते आल्यानंतरही लाकूड मागे पडले नाही. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेम्बर्गच्या एका व्यायामशाळेत पुढे झुकलेल्या फळीवर लाकडी पट्ट्या बसवल्या आणि पाय न टेकता, केवळ बोटांच्या बळावर वर जाण्याचा सराव सुरू केला. १९९१ मध्ये त्याने ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हा त्या काळातल्या जगातील सर्वांत अवघड मार्गांपैकी एक सर केला. साध्या पट्ट्यांवर कमावलेली ताकद तिथे कामी आली. आजही जगभरचे आरोहक बोटांच्या सरावासाठी लाकडी बोर्ड आवर्जून वापरतात, कारण लाकूड कातडी सोलत नाही आणि सराव जास्त वेळ चालतो.

सागवान, बाभूळ किंवा तत्सम टणक लाकडाचा, गाठ आणि चीर नसलेला तुकडा निवडावा. लाकडाचे रेषे होल्डच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत आणि कडेला पुरेशी जाडी राखावी. बोटे जिथे वळतात ती कड कानशीने आणि मग पॉलिश पेपरने सर्वत्र सारखी गोल करावी. धारदार कड कातडी फाडते आणि बोटांवरचा ताण एकाच रेषेत आणते. वार्निश लावू नये, पकड निसटते. मोठा होल्ड १० मिलिमीटरच्या बोल्टने, प्लायवुडच्या मागच्या बाजूने ठोकलेल्या टी-नटमध्ये (आतून आटे असलेल्या दातेरी नटमध्ये) आवळावा. बोल्टच्या डोक्याखाली वॉशर घालावा, आणि होल्ड जागच्या जागी फिरू नये म्हणून बाजूला एक स्क्रूही द्यावा. लहान पायरीला दोन स्क्रू पुरतात, मात्र आधी ड्रिलने भोक पाडावे, नाहीतर लाकूड उकलते. प्लायवुड किमान १८ मिलिमीटरचे हवे.

रेझिन आणि वाळू घरीच साच्यात ओतली तर खडकासारखा खरखरीतपणा मिळेल, हा आक्षेप रास्त वाटतो. पण पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते, ते घट्ट करणारे रसायन डोळ्यांना गंभीर इजा करू शकते आणि वाळू मिसळलेला होल्ड घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. वाचलेल्या पैशांसाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. लाकूड गुळगुळीत असते आणि सह्याद्रीतल्या बेसाल्टची सर त्याला येत नाही, हे दुसरे म्हणणे खरेच आहे. खडक वाचायला खडकावरच शिकावे लागते. भिंतीचे काम बोटे, खांदे आणि तोल घडवण्याचे आहे, आणि कमी घर्षणाच्या लाकडावर पकड अधिक प्रामाणिकपणे घ्यावी लागते. पावसाळ्यात ओले कातळ जेव्हा चढण्याजोगे नसतात, तेव्हा हा सराव विशेष मोलाचा ठरतो.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षेचा. घरचा होल्ड तुटला तर? म्हणूनच असे होल्ड कमी उंचीच्या, खाली जाड गाद्या अंथरलेल्या भिंतीवरच वापरावेत. दोराला अशा होल्डचा आधार कधीही देऊ नये. लाकूड दमट हवेत फुगते आणि सुकल्यावर आक्रसते, म्हणून बोल्ट नियमित आवळावेत आणि चीर दिसताच होल्ड काढून टाकावा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बोटांच्या हाडांमधील वाढीचे भाग नाजूक असतात. त्यांना बारीक कडांवर लटकवू नये, मोठे, ओंजळीत मावणारे होल्ड द्यावेत. बोल्ट आवळण्याचे पथ्य बाजारातल्या होल्डलाही लागू आहे. महागडा होल्ड सैल बोल्टवर बसवला तर तोही दगा देतो.

गिरिविहार या मुंबईच्या संस्थेने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची (कमी उंचीवर दोराविना केलेल्या चढाईची) विश्वचषक स्पर्धा भरवली. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आहे. अशा स्पर्धांसाठी तज्ज्ञांनी घडवलेले होल्ड लागणारच. पण त्या पातळीपर्यंत पोहोचणारी मुले तालुक्याच्या शाळांतून आणि लहान क्लबांतून यायची असतील, तर त्यांना आज चढायला भिंत मिळाली पाहिजे. गावचा सुतार आणि जाणता आरोहक एकत्र बसले, तर पुढच्या पावसाळ्याआधी ती उभी राहू शकते.