साडेतीन क्विंटल गेले कुठी?

लग्न झालं तेव्हा माझं बी. कॉम.चं पहिलं वर्ष झालं होतं. पुढचं राहिलं ते एकोणीस वर्षं राहिलं. मुलगी बारावीला गेली, तेव्हा तिच्या फॉर्मसोबत मी माझाही भरला, इथेच अमरावतीत. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणत उभीच राहिली!

अकाउंट्सची भीती नव्हती. पगाराच्या पैशात महिना काढणाऱ्या बाईला जमाखर्च काय शिकवायचा? घाम फोडला तो सांख्यिकीनं. मध्य, मध्यक, बहुलक हे तिघे मला सख्ख्या भावांसारखे दिसायचे, कोण कोणता ते कळायचंच नाही. पहिल्या चाचणीत 20 पैकी 4 गुण मिळाले. मुलीनं पेपर पाहिला आणि शहाण्यासारखी गप्प राहिली.

होळीला माहेरी गेले. बडनेऱ्याहून रेल्वे, अकोल्याहून पुढे एसटी. आमचं गाव पूर्णाकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणली तरी पाणी खारट, पिकाला देता येत नाही. सगळी भिस्त पावसावर. त्या वर्षी पावसानं ऐन वेळी दगा दिला आणि बाबांच्या वावरात एकरी दोनच क्विंटल कापूस झाला. पीक विमा काढलेला होता, पण भरपाई मिळाली नाही. कारण विमा एकेका वावराचा नसतो, महसूल मंडळाचा असतो. मंडळातल्या कापणी प्रयोगांची सरासरी ‘उंबरठा उत्पादना’च्या खाली गेली तरच पैसे. आमच्या मंडळाची सरासरी निघाली साडेपाच. (उंबरठ्याशी आम्हा बायकांची ओळख जुनीच, पण हा उंबरठा नवा होता.)

बाबा मला म्हणाले, “तू तं आता हिशोबाचं शिकतं नं बाई? मंग सांग. माह्या वावरात दोन, अन् कागदावर साडेपाच. माहे साडेतीन क्विंटल गेले कुठी?”

मला उत्तर देता आलं नाही. 20 पैकी 4 वाली मी!

परत आल्यावर दादाला फोन करून मंडळातल्या ओळखीच्या पाच वावरांचे आकडे मागितले. 2, 4, 5, 5 आणि 14. बेरीज 30, सरासरी 6. कागदाच्या आसपासच. पण सहा क्विंटल तर पाचांपैकी कोणालाच झाले नव्हते! चौदावाला मंडळाच्या वरच्या टोकाचा, सातपुड्याकडचा. तिकडे गोडं पाणी, विहिरीवर ठिबक. त्या एकट्यानं सगळ्यांची सरासरी वर ओढली होती. चढत्या क्रमानं लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा मात्र 5. हाच तो मध्यक! माझ्या डोक्यात तो तेव्हा पक्का बसला. मग प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढलं. उणे चार, उणे दोन, उणे एक, उणे एक, अधिक आठ. बेरीज शून्य. म्हणून तर वर्ग करायचे, नाहीतर कोणाचं दुःख कोणाच्या सुखात जिरून जातं. प्रमाण विचलन आलं सुमारे 4.1. सरासरी सहा आणि विचलन चार! वहीत ‘उणे चार’ लिहिलं, तेव्हा डोळ्यांपुढे बाबाच आले.

आमच्या मॅडमना वही दाखवली. त्या म्हणाल्या, “अहो, हे सगळं सुरू झालं ते तुमच्याच अकोल्याच्या कापसावर!” पूर्वी पीक किती आलं ते ‘आणेवारी’नं, म्हणजे डोळ्यांच्या अंदाजानं ठरायचं. सोळा आणे म्हणजे चांगलं पीक. 1940च्या दशकात व्ही. जी. पानसे आणि आर. जे. कळमकर या शास्त्रज्ञांनी अकोला जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वावरं निवडून, त्यात ठराविक मापाचा तुकडा आखून, तिथल्या कापसाचं वजन करून अंदाज काढून दाखवला. पुढे पानसे आणि आपल्या साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी शेतीच्या सांख्यिकीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 1954 साली. ते कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं.

म्हणजे पद्धत खोटी नव्हती. मला तर वाटतं, तलाठ्याच्या नजरेपेक्षा चिठ्ठी कधीही बरी. पण खारं पाणी आणि गोडं पाणी एकाच टोपल्यात टाकलं, की सरासरी बरोबर येऊनही बाबांच्या कामाची राहत नाही.

उन्हाळ्यात जाऊन हे बाबांना सांगितलं. अंगणात खडूनं आकडे मांडले. आई म्हणाली, “सारवलेलं खराब नोको करू व.” बाबांनी मात्र नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे माहे साडेतीन चोरीले नाही गेले?”

“नाही बाबा. ते तुमच्या वावरात आलेच नव्हते.”

“मंग मंडळ लहान करा म्हना त्यायले.”

पानसे-सुखात्म्यांचं एक अक्षर न वाचता बाबा बरोबर तिथेच पोचले होते! त्याच रात्री आम्ही अर्ज लिहिला. नुसती सरासरी नको, कोणत्या गावात किती प्रयोग झाले आणि प्रत्येकात किती निघालं, ते आकडे द्या. खारपाणाची गावं वेगळी धरा. दादानं अर्ज तालुक्याला दिला, पोच घेतली. उत्तर अजून यायचं आहे.

वार्षिक परीक्षेत सांख्यिकीत 61 आले. बाबांना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, “वर्गाची सरासरी किती हाय?” आता यंदाच्या कापणी प्रयोगाला, चिठ्ठी कोणाच्याही वावराची निघो, पहिल्या वेच्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत धुऱ्यावर उभं राहायचं त्यांनी ठरवलंय. वजन लिहून ठेवायला माझी जुनी वही मागून घेतली आहे.